आपल्या डोळ्यांनी बघून घ्यायचं

माझी नणंद ऑर्फा संशयी आहे, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला कळलं. मी केलेलं बटाट्याचं सॅलड तिनं चमच्यानं उकरून बघितलं आणि विचारलं, अंडी कोणाच्या कोंबड्यांची? आमच्याच, म्हटलं. तर म्हणे, ते ठीक, पण केलंस कधी? चर्चच्या सामुदायिक जेवणात आजही ती एकेका भांड्यापुढे उभी राहते आणि ते कोणाच्या घरून आलंय हे कळल्याशिवाय ताटात वाढून घेत नाही. फोन उचलते, पण समोरचा बोलेपर्यंत अवाक्षर काढत नाही. चर्चच्या आवारातही गाडीला कुलूप लावते. देवाच्या दारात कोण चोरी करणार, असं पाद्रीबाबांनी एकदा हसत विचारलं, तर म्हणाली, देव आत असतो, गाडी बाहेर असते.

त्यातून एकदा तिचा संशय खरा निघाला, आणि मग तर विचारूच नका. तिचा नवरा घर झाडायची, धूळ ओढणारी यंत्रं विकत फिरायचा. जोप्लिनला गेलो होतो असं तो सांगायचा, पण गाडीवरचा मैलांचा आकडा त्याहून लांबच्या टल्साची गोष्ट सांगायचा. ऑर्फा एक दिवस टल्साला गेली, तिथल्या बाईला भेटली, तिच्या हातची कॉफी प्यायली आणि परत येऊन नवऱ्याचे कपडे अंगणात काढून ठेवले. त्यानंतर या बाईला कोणी काही सांगायला जायची सोयच उरली नाही.

तरी मी तिच्याबद्दल सांगायला बसले आहे, कारण त्या शनिवारी माझ्या नवऱ्याचा जीव तिच्या हातात होता. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नणंदेच्या चहाड्या करते आहे. त्या मी नेहमीच करते, पण आज त्यासाठी नाही.

माझा नवरा डॉइल म्हणजे ऑर्फाचा धाकटा भाऊ. आयुष्यभर त्यानं शाळेची बस चालवली. आमच्या डोंगरातल्या वळणांवर, बर्फात, पुरात. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानं कधी ना कधी शाळेत पोचवलं आहे. गेल्या उन्हाळ्यात डोळे तपासले आणि बस काढून घेतली. लोकांनी केक कापला, पाठ थोपटली, झालं. मग तो सकाळी उठून अंगणातल्या आपल्या गाडीत जाऊन बसायला लागला. इंजिन बंद, हात चाकावर. मी म्हटलं बसू दे, सवय आहे, जाईल.

पानगळ सुरू झाली तसं त्यानं आपल्या बंदुका वाटायला घेतल्या. बापाची जुनी बंदूक पुतण्याला, हरणांची जावयाला, बाकीच्या चर्चमधल्या मित्रांना. गुडघे दुखतात, आता शिकार होत नाही, म्हणाला. पुतण्या तर रडलाच. सगळ्यांनी डॉइलच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. एकटी ऑर्फा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "वेल्डा, हा इतका चांगला कधीपासून झाला?" मला असा राग आला म्हणून सांगू. तुझ्या भावानं चांगलं वागायचीही चोरी का, म्हणून मी तिला बिस्किटांचा डबा हातात देऊन वाटेला लावलं.

आणि मग एका सकाळी डॉइल म्हणाला, मला एक छोटं पिस्तूल घ्यायचंय. शर्टाखाली कमरेला लावण्यासारखं. खालच्या रस्त्यावर कोणाची तरी गाडी फोडली, दिवस वाईट आलेत, असं बोलला. आमच्याकडे यात नवल काही नाही. आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेला डोकी खाली जातात तेव्हा किती शर्टांखाली काय काय असतं, ते देवालाच माहीत. मला उलट बरं वाटलं, माणसाला काहीतरी हवंसं तरी वाटलं. हे ऑर्फाला कुठून कळलं कोण जाणे. शनिवारी आम्ही निघालो तर ही पर्स मांडीवर घेऊन आमच्या गाडीत आधीच बसलेली. मलाही वेंडेलच्या बंदुकांच्या दुकानात काम आहे, म्हणाली. काय काम, ते सांगितलं नाही.

आता डॉइलची पिस्तूल निवडायची रीत सांगायला हवी. आमची मुलगी ट्रीसा हॉस्पिटलात रात्रपाळीला लागली तेव्हा तिच्यासाठी एक घ्यायचं होतं, तर यानं वेंडेलच्या दुकानात सबंध शनिवार काढला. प्रत्येक पिस्तूल तिच्या मुठीत देऊन बघितलं, करंगळी मुठीखाली लोंबते का ते पाहिलं. वरचा भाग तिला एकटीला मागे ओढता येतो का, चाप किती जोरानं दाबावा लागतो, शर्टात अडकेल असा कोपरा कुठे आहे, सगळं. बायकांना म्हणून जे अगदी चिमुकलं देतात त्याला तर त्यानं हातही लावू दिला नाही. लहान तितकं हाताला जास्त हिसका देतं, म्हणाला. मग दुकानामागच्या मैदानात पेटीच्या पेट्या गोळ्या झाडल्या, एकदा जरी अडकलं तरी ते बाद. शेवटी कमरेला लावून तिला गाडीत बसवलं, वाकवलं, पट्टा बांधायला लावला. ट्रीसा रडकुंडीला आली होती. वेंडेल अजून त्या शनिवाराचं नाव काढतो.

आणि एक गोष्ट. आमच्याकडे पिस्तूल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना देणारा गोळ्यांचा खण काढतो, वरचा भाग मागे ओढतो, आत डोकावतो आणि तसंच उघडं हातात देतो. घेणाऱ्यानं ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी घेणारा पुन्हा आत बघतो. बापाकडून घेतलं तरी बघतो. यात कोणाला अपमान वाटत नाही, न बघणाऱ्यालाच लोक नावं ठेवतात. डॉइल आणि ऑर्फाच्या बापानं हे दोघांना ओसरीवर बसवून शिकवलं होतं. जो विसरेल त्यानं त्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची. ऑर्फा सांगते, डॉइलनं भांडी कधी घासलीच नाहीत. माझ्या घरीही नाही घासली, ती गोष्ट वेगळी.

वेंडेलच्या दुकानात नेहमीची मंडळी कॉफीच्या भांड्याभोवती उभी होती. डॉइलला बघून सगळे हसले, वेंडेलनं तर कपाळाला हात लावला, आज दुकान रात्रीपर्यंत उघडं ठेवावं लागणार म्हणून. त्यानं काचेच्या पेटीतून एक काळं, आखूड पिस्तूल काढलं, खण काढला, आत पाहिलं आणि उघडंच डॉइलच्या हातात ठेवलं.

डॉइलनं ते घेतलं, खटकन मिटवलं आणि म्हणाला, हे चालेल.

मुठीत धरून पाहिलं नाही. चाप कसा आहे विचारलं नाही. वेंडेलला वाटलं थट्टा करतो आहे, त्यानं दुसरं काढायला हात घातला. डॉइल म्हणाला, नको, हेच दे, आणि गोळ्यांची एक पेटी. चामड्याची खोळ कुठली दाखवू, असं वेंडेलनं विचारलं. खोळ नको, म्हणाला. मला तेव्हाही काही कळलं नाही, खरं सांगते. मी मनात म्हटलं, बरं झालं, दुपारचं जेवण वेळेवर होईल.

ऑर्फा पुढे आली आणि तिनं त्या पिस्तुलावर आपला हात ठेवला.

"वेंडेल, हे आत ठेव."

डॉइल म्हणाला, "ऑर्फा, तू मध्ये पडू नकोस."

"तू आत बघितलं नाहीस."

"वेंडेलनं बघितलं की."

"तू बघितलं नाहीस, डॉइल."

कॉफीपाशी उभे असलेल्यांनी माना वळवल्या. डॉइलचा चेहरा लालभडक झाला. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि आधी या बाईला पोटात घ्यावं. इतक्या माणसांत, इतक्या वर्षांच्या ओळखीत, सख्ख्या भावाची अशी उलटतपासणी. मी तिची बाही ओढली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भावाकडे बघत होती, आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"तुला मरायचंय का रे?"

असं कोणी विचारतं? आमच्या गावात माणूस मेल्यावरही हा शब्द सरळ तोंडावर कोणी काढत नाही. मी डॉइलकडे पाहिलं. आता हा तिच्यावर ओरडेल, दार आपटून निघून जाईल, म्हणून मी वाट बघत राहिले. ओरडला असता तर मी तिचे पाय धरले असते इतकं मला ते हवं होतं.

तो काचेच्या पेटीकडे बघत म्हणाला, "रोज नाही वाटत."

वेंडेलनं पिस्तूल ऑर्फाच्या हाताखालून हळूच काढून घेतलं, पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. मग पेटीला वळसा घालून आला आणि डॉइलच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. बाकीचे एकेक करून बाहेर गेले. त्यातल्या एकानंही ही गोष्ट गावात काढली नाही, हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम सांगते.

त्याच दिवशी ऑर्फानं त्याला डॉक्टरकडे नेलं. नंतरही दर खेपेला तीच नेत असे, आणि प्रत्येक गोळी कशाची आहे हे डॉक्टरला दोन-दोनदा विचारून त्या बिचाऱ्याचा जीव खात असे. माझ्या कपाटांतून, कोठारातून, गाडीच्या सीटखालून तिनं हात फिरवला. डॉइल तिच्याशी बोलेना. सबंध हिवाळा तो तिच्या शेजारी गाडीत बसून जायचा आणि एक शब्द न बोलता परत यायचा. तिला त्याचं काही नव्हतं. बोलत नसला तरी श्वास घेतोय ना, म्हणायची. मी रोज सकाळी जागी झाले की आधी तेच ऐकायची, त्याचा श्वास.

बर्फ वितळल्यावर एक दिवस ऑर्फा म्हणाली, मला एक छोटं पिस्तूल घ्यायचंय, पर्समध्ये ठेवायला, डॉइलनं निवडून द्यावं. डॉइल त्या हिवाळ्यात पहिल्यांदा तिच्याशी बोलला. म्हणाला, तुला कोण लुटणार, लुटणारा आपलंच पाकीट टाकून पळेल. पण टोपी घालून गाडीत बसला.

वेंडेलनं पिस्तूल काढलं, उघडलं, पाहिलं, दिलं. डॉइलनं ते खिडकीच्या उजेडात नेलं आणि आत पाहिलं. डोळ्यांनी नीट दिसेना, म्हणून गोळीच्या जागेत करंगळी घालून चाचपलं. मग पुन्हा पाहिलं. आणि सुरू झाला. स्प्रिंग फार कडक आहे, हिच्या बोटांत संधिवात आहे हे दिसत नाही का तुला? मूठ आखूड. हा कोपरा पर्सच्या अस्तरात अडकणार. हे कोणी बनवलं, आणि वेंडेल, तू हे विकतोस कसा? वेंडेल शिव्या खात होता आणि डोळे पुसत होता.

त्या दिवशी एकही पसंत पडलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. ज्यावर डॉइल राजी होतो त्यात ऑर्फाला खोट दिसते. मैदानात झाडून बघते, म्हणते आवाज संशयास्पद आहे. मी तिला एकदा एकटीला गाठून विचारलं, बाई, तुला घ्यायचंय तरी का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच टल्साची ती बाई. "मी घरात पिस्तूल ठेवू? आणि डॉइल रविवारी जेवायला येतो माझ्याकडे?"

परवाच्या शनिवारी डॉइलनं एक तिच्यापुढे धरलं. खण काढलेला, वरचा भाग मागे, आत तीनदा बघून झालेलं. तिनं ते घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि पुन्हा आत डोकावली.

"मी आत्ताच बघितलं ना," तो म्हणाला. "अजून माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," ऑर्फा म्हणाली. "पुढच्या शनिवारी बघू."