राष्ट्रगीताचा खालचा सूर

हॉर्नवाल्यांना राष्ट्रगीताची चाल वाजवता येत नाही, हे त्यांच्या बायकोला लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर कळलं. तेही कांदा चिरताना.

“येत नाही म्हणजे?” तिच्या हातातली सुरी थांबली. “मग इतकी वर्षं पगार कसला घेताय?”

“वाजवतो गं. पण चाल नाही वाजवत. चालीच्या खालचं वाजवतो.”

“आता हे खालचं काय काढलंत?”

हॉर्नवाले स्टुलावर बसले होते. मांडीवर ते पितळी वाद्य, वेटोळं करून झोपलेल्या जनावरासारखं. त्यांनी ते तोंडाला लावलं आणि एक लहानसा तुकडा वाजवला. एकच सूर तीनदा, मग जरा खाली, मग पुन्हा तोच, मग दोन लांब सूर. शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट सरकवावं, तसं काहीतरी.

“हे राष्ट्रगीत?”

“हेच. याच्यावर चाल बसते. चाल तुझा भाऊ वाजवतो.”

“आणि तो नसला तर?”

“तर एवढंच उरतं,” ते म्हणाले.

तिचा भाऊ म्हणजे नगरपालिकेच्या बँडचा ट्रम्पेटवाला. गुरुवारी सकाळी तो न्हाणीघरात साबणावरून घसरला आणि पुढचे वरचे दोन दात नळाला देऊन बाहेर आला. ट्रम्पेट ओठांनी फुंकतात हे खरं, पण ओठांना टेकायला मागे दात लागतात. डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं, दोन महिने फुंकर मारून चहासुद्धा गार करायचा नाही. रविवारी तर नव्या क्रीडागृहाचं उद्घाटन होतं.

एके काळी या बँडमध्ये चौदा माणसं होती. कुणी निवृत्त झालं की त्याच्या जागी कुणी येत नसे. त्याची खुर्ची घडी करून भिंतीला लावायची, एवढीच बँडच्या खोलीतली रीत उरली होती. अकरा खुर्च्या भिंतीला लागल्या आणि मधे तिघं उरले, ट्रम्पेट, हॉर्न आणि ढोल. तिघांवरही राष्ट्रगीत उभं राहत असे. ढोलाने लोकांना उठवायचं, ट्रम्पेटने चाल धरायची, आणि हॉर्नने ती चाल जमिनीवर टेकलेली ठेवायची. ऐकणाऱ्याला हॉर्न कधीच ऐकू येत नाही. थांबला तर मात्र काहीतरी पोकळ झालंय असं वाटतं, इतकंच.

हॉर्नवाल्यांना या न ऐकू येण्याचं कधी वाईट वाटलं नाही. गळ्यात हार पडायचा तो मेहुण्याच्या. वर्तमानपत्रातल्या फोटोत यायचा तोही मेहुणाच. त्याच्या कोपराशेजारी हॉर्नचं अर्धं तोंड. राष्ट्रगीतातलं काही एक आपल्याकडे सोपवलेलं आहे, एवढं त्यांना पुरे होतं. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर सामन्याआधी ते लागलं तरी हे आपल्या घरात, बनियनवर, दाढीचा फेस तसाच ठेवून उभे राहत. बायको हसायची. पण तीही हातातलं भांडं खाली ठेवायची.

शुक्रवारी कार्यक्रम अधिकाऱ्यांनी बोलावलं. तरुण माणूस, बोलायला चांगला. “काका, कशाला त्रास घेता? माझ्याकडे पेन ड्राइव्हवर आहे. मोठ्या वाद्यवृंदाचं आहे, ऐकाल तर अंगावर काटा येईल. स्पीकरही नवे आहेत. तुम्ही निवांत खुर्चीवर बसा.”

खरं तर इथेच मान हलवून घरी यायचं. पण एकदा ते स्पीकरवर चढलं की पुन्हा माणसांच्या हाती उतरणार नाही, हे हॉर्नवाल्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांचे जुने बँडमास्तर म्हणायचे, बाकी काहीही यंत्रावर वाजवा, हे एक माणसाच्या श्वासातून आलं पाहिजे.

“वाजवतो, साहेब,” ते म्हणाले.

“चाल? तुम्ही?”

“तुम्ही काळजी करू नका.”

बाहेर आल्यावर ढोलवाल्याने कपाळावर हात मारला. “हात दाखवून अवलक्षण! मला चार महिने राहिलेत हो. सरळ निवृत्त होऊ द्या की.”

संध्याकाळी मेहुणा तोंडावर रुमाल धरून शिकवायला आला. चालीचा कागद त्याने आणला होता, पण कागदाची गरजच नव्हती. चाल कुणाला येत नाही? शाळेतल्या पोरालाही येते. प्रश्न बोटांचा होता. हॉर्नवाल्यांची बोटं पहिली ओळ नीट वाजवत, आणि दुसरीच्या वळणावर, बैल आपल्या गोठ्याकडे वळावा तशी, आपल्या जुन्या वाटेला लागत.

“भाऊजी, छाती काढून वाजवा. तुम्ही दारामागे उभं राहून बोलल्यासारखं वाजवता.”

“एकतीस वर्षं दारामागेच उभं केलंयस मला.”

“मग आता पुढे या ना! चणे आलेत तुमच्या वाट्याला. माझे दात गेले म्हणून आले.”

“हसू नकोस, टाके तुटतील,” बहीण आतून ओरडली.

तालीम तुकड्यातुकड्यांनी चालली होती. हेही मास्तरांचंच. सरावात सलग कधी वाजवायचं नाही. सलग वाजलं की ते राष्ट्रगीत झालं, मग जिथे असाल तिथे उभं राहायचं. आणि एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. एकदा भर मैदानात मास्तरांच्या कॉलरीत गांधीलमाशी शिरली होती. मानेवर दोनदा डसली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात तालावर चालू होता. लोकांना वाटलं, काय हा माणूस, किती भरून आलंय त्याला. शेवटचा सूर संपल्यावर मास्तरांनी जी शिवी दिली, तीही तालात होती.

शनिवारी दुपारपर्यंत चाल बोटांत बसली. तुकडा एक, तुकडा दोन, तुकडा तीन. हॉर्नवाल्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. ते पाहून बायकोलाही हुरूप आला आणि कपडे वाळत घालता घालता तीही बारीक आवाजात चाल म्हणू लागली. तशी बोटं घसरली. तिथल्या तिथे, जणू कुणी हात धरून त्यांना खालच्या जागी नेऊन बसवलं.

“तू म्हणू नकोस,” ते म्हणाले. “कुणी म्हणायला लागलं की मला खालचंच येतं.”

तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. “अहो, पण उद्या तिथे आठशे माणसं म्हणणार.”

हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. ते हॉर्न उलटा करून त्यात श्वासाने साचलेलं पाणी काढत राहिले. पाणी केव्हाच संपलं होतं.

रविवारी क्रीडागृहात नव्या रंगाचा वास होता. लाकडी जमीन इतकी चकचकीत की खुर्च्यांचे पाय त्यात उलटे दिसत. पहिल्या रांगेत पाहुणे, मागे शाळांची मुलं, मग गावातली माणसं. हॉर्नवाल्यांची बायको सातव्या रांगेत, ठेवणीतली शाल घेऊन. मेहुणा घरी होता. तोंड सुजलेलं असताना लोकांसमोर यायचं नाही म्हणाला.

भाषणं संपली. ढोल घुमला. आठशे खुर्च्या एकदम मागे सरकल्या. हॉर्नवाल्यांनी श्वास घेतला आणि पहिली ओळ वाजवली, स्वच्छ, छाती काढून. सातव्या रांगेत बायकोने ओठ घट्ट मिटून घेतले.

आणि लोक गाऊ लागले.

चाल चारी बाजूंनी आली. मुलांच्या आवाजात, बायकांच्या, घोगऱ्या पुरुषांच्या. हॉर्नवाले एकतीस वर्षं याच आवाजाखाली उभे राहत आले होते. तो आला तशी त्यांची बोटं त्याच्या खाली गेली. बोटं गेल्याचं त्यांना कळलं तेव्हा दुसरी ओळ अर्धी झाली होती. वर चढायचा त्यांनी प्रयत्न केला. ओठ तुटका, फाटका आवाज काढून पुन्हा खाली आला.

तरीही, लोक गात राहिले असते तर काही बिघडलं नसतं. चाल त्यांच्याजवळ होती आणि खालचा सूर हॉर्नजवळ. दोन्ही मिळून राष्ट्रगीत पुरं झालं असतं. पण लोकांना वाद्यामागे जायची सवय. वाद्याने भलताच सूर धरलेला ऐकून पुढच्या रांगा थबकल्या. आपलंच चुकतंय असं वाटून मागच्या रांगांनी आवाज बारीक केले. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीपर्यंत इथे तिथे एखादा आवाज उरला, आणि मग तोही लाजून थांबला.

आता त्या मोठ्या, चकचकीत क्रीडागृहात फक्त खालचा सूर होता. एकच सूर तीनदा. जरा खाली. पुन्हा तोच. कुणीतरी हसलं. पाहुण्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. हे राष्ट्रगीत आहे की वाद्य तपासणं चाललंय, हे न कळून मागच्या दोन-चार जणांनी बूड टेकलं, पुन्हा उठले, पुन्हा टेकलं. अधिकारी दोन्ही हातांनी ‘थांबा, थांबा’ अशी खूण करत होते.

थांबायचं कसं? सुरू झालं होतं. हॉर्नवाल्यांनी नजर समोरच्या भिंतीवर लावली आणि वाजवत राहिले, एकही सूर न गाळता, एकही घाईत न उरकता, जसं शिकवलं होतं तसं. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत बिनचूक वाजवणं होतं. ढोलवाला मान खाली घालून शेवटपर्यंत ताल देत राहिला, एवढी सोबत त्याने केली.

बुधवारी नोटीस आली. राष्ट्रगीताचा अवमान झाल्याची तक्रार, लेखी खुलासा, समक्ष हजेरी. अवमान हा शब्द हॉर्नवाल्यांनी तीनदा वाचला, मग चष्मा काढून ठेवला.

चौकशीला तेच तरुण अधिकारी होते. त्यांनाही समोर बसायला जड जात होतं. “काका, मला फक्त सांगा, तुम्ही काय वाजवलंत?”

“राष्ट्रगीत.”

“ते राष्ट्रगीत नव्हतं हो.”

“होतं, साहेब. खालचं होतं. वर कुणी गायलं नाही.”

अधिकारी खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, “असं करू. बँडच्या खोलीतून हॉर्न आणा. मी चाल म्हणतो, तुम्ही खालचं वाजवा. बसतंय हे दिसलं की मी तसं लिहितो, आणि विषय संपवतो. पाच मिनिटांचं काम.”

वाट उघडी होती. बँडची खोली याच मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. हॉर्नवाले अर्धवट उठलेही. मग पुन्हा बसले.

“नको, साहेब.”

“का?”

“मी सुटावं म्हणून ते वाजवायचं? नाही जमणार.”

“अहो, पण तुमच्याच भल्यासाठी...”

“म्हणूनच नको.”

अधिकाऱ्यांनी सुस्कारा टाकला आणि कोरा कागद पुढे सरकवला. हॉर्नवाल्यांनी लिहिलं, माझ्या हातून चूक झाली. अक्षर चांगलं होतं त्यांचं. बँडचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. अधिकाऱ्यांनीच सांगितलं, पुढच्या कार्यक्रमापासून स्पीकर. तुम्हाला आवक-जावक विभागात बसवू, सावलीतलं काम आहे. ढोलवाल्याची खुर्चीही चार महिन्यांनी भिंतीला लागेल.

ते घरी आले तेव्हा बायको भिंतीला टेकून बसली होती. जेवण झाकून ठेवलेलं. त्यांनी सगळं सांगितलं, हॉर्न आणायला सांगितला होता तेही. ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं. ती चिडली नाही.

“मी गायला हवं होतं,” ती म्हणाली.

“कधी?”

“रविवारी. सगळे गप्प झाले तेव्हा. दोन दिवस घरात ऐकून तुमचं खालचं मला पाठ झालं होतं. तुम्ही कुठे आहात ते मला नेमकं कळत होतं. मी एकटीने चाल धरली असती तर आजूबाजूच्यांनी धरली असती.”

“मीच म्हणालो होतो ना, तू म्हणू नकोस म्हणून.”

“त्यामुळे नाही.” तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. “शेजारची बाई हसत होती. मला विचारत होती, कोण हो हा माणूस? मी म्हटलं, कोण जाणे.”

हॉर्नवाले दारातच उभे होते, एक चप्पल काढलेली, एक पायात. काहीतरी बोलायला हवं होतं. तिला बरं वाटेल असं, किंवा निदान तिला लागेल असं. त्यांनी दुसरी चप्पल काढली.

“जेवायला वाढू?” तिने विचारलं.

“वाढ,” ते म्हणाले.