साठीचा पुतण्या

सीमेजवळच्या यांगगूच्या लष्करी छावणीसमोर पिओ ग्येसून या विधवेचे शिवणाचे दुकान होते. सैनिकांच्या गणवेशावर त्यांच्या नावाची पट्टी शिवणे हा तिचा व्यवसाय. त्या काळी रविवारी घरचे कोणी भेटीस आले, तरच सैनिकाला फाटकाबाहेर पाऊल टाकता येई. ज्यांच्याकडे कोणीच येत नसे, ते गजांआडून इतरांची गळाभेट पाहत उभे राहत. हे दृश्य ग्येसूनला साहवेना. निपुत्रिक असूनही भाच्यांचा अखंड सुकाळ तिने आपल्या भाळी स्वहस्ते लिहून घेतला. दर रविवारी अशा एखाद्याची मावशी बनून ती त्याला सोडवून आणी. अखेर शरदातल्या एका रविवारी फाटकावरच्या हवालदाराने हात जोडले.

"मावशी, तुम्हाला बहिणी तरी किती? आता पुरे. तुमच्या नावावर यापुढे एकही भाचा सुटणार नाही."

नेमका त्याच रविवारी सोकजून नावाच्या सैनिकाचा वाढदिवस होता. हा दूरच्या बेटावरचा कोळ्याचा मुलगा. सोमवारी तो सीमेवरच्या चौकीत चढणार होता, आणि तेथून वसंतापूर्वी खाली उतरणे नव्हते. समुद्र खवळल्यामुळे आईची बोट निघालीच नाही. वाढदिवसाला समुद्रशेवाळाचे सूप पोटात गेले नाही, तर ते वर्ष आईवाचून गेले असे मानणारी ही माणसे. ग्येसूनने पहाटेच सूप चुलीवर चढवले होते. ते पिणारा मात्र फाटकाआड होता.

अशा वेळी दाराशी एक जुनी मोटार थांबली. पूर्वसमुद्राच्या प्रवासाला निघालेली तिची बालमैत्रीण चेओक आणि चेओकचे यजमान, निवृत्त शिक्षक नामगुंग ह्योक, वाटेत जेवायला उतरले होते.

"जेवण तयार आहे," ग्येसून म्हणाली. "पण आधी मास्तरांनी तासाभरासाठी एका पोराचे काका व्हायचं."

"हे?" चेओक म्हणाली. "अगं, लग्नानंतर पहिल्याच जेवणात माझ्या आईनं विचारलं, सूप कसं झालंय? तर म्हणाले, खारट!"

"खारटच होतं," मास्तर शांतपणे म्हणाले. "चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं. आता फाटकावर खोटं बोलू?"

ग्येसूनने सुस्कारा सोडला. पण हुकमाचा पत्ता तिने राखून ठेवला होता. "राहू दे मग. बिचाऱ्या नामगुंग सोकजूनचं नशीब."

मास्तर ताठ बसले. "नामगुंग?"

हे आडनाव विरळ. ते धारण करणारे सारे एका मूळपुरुषाचे वंशज. शिवाय नावातले ठरीव अक्षर प्रत्येकाची पिढी सांगते. मास्तरांनी बोटांवर पिढ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्यांचा चेहरा पडला.

"सोक म्हणजे माझ्या वडिलांची पिढी. हा पोरगा माझा काका लागतो!"

चेओक हसून हसून जमिनीवर बसली. "चला, सासरेबुवांना आणायला!"

"फाटकावर तेवढं उलटं सांगा हो," ग्येसूनने विनवले. "तुम्ही काका, तो पुतण्या. ऐकायला बरं वाटतं."

"वंशावळ उलटी करू? शक्य नाही."

फाटकावर हवालदाराने ग्येसूनकडे संशयाने पाहिले, मग मास्तरांना विचारले, "सैनिकाचे कोण?"

मास्तरांनी टोपी काढली. पांढरे केस वाऱ्यावर भुरभुरले. "पुतण्या."

"तो तुमचा पुतण्या?"

"नाही. मी त्यांचा."

झालं, संपलं! ग्येसूनने डोळे मिटून घेतले. मग हवालदाराचे हास्य तिच्या कानी आले.

"मावशी, ही तुमची करामत नव्हे. तुम्ही जुळवलं असतं तर वय तरी जमवलं असतं. या फाटकावर खोटे काका पोत्यानं आले. पण खोटा पुतण्या व्हायला कोण येईल? सोडा रे त्याला!"

सोकजून धावत बाहेर आला. समोरचे वृद्ध गृहस्थ कमरेत वाकून प्रणाम करताहेत हे पाहून तो घाबरला आणि त्याने खाडकन सलाम ठोकला.

घरी नवाच पेच उभा राहिला. वडीलधाऱ्याने चमचा उचलल्यावाचून धाकट्याने जेवू नये.

"काका, आधी तुम्ही."

"नाही नाही, आजोबा, आधी तुम्ही!"

"आजोबा नव्हे. पुतण्या."

"अरे, कोणीतरी उचला चमचा!" ग्येसून कडाडली. "सुपाचा बर्फ होतोय!"

सोकजूनने चमचा उचलला. पहिला घोट घेतल्यावर बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मग वाडगा उचलून तळापर्यंत रिता केला. मास्तरांनीही चव घेतली.

"खारट आहे," ते म्हणाले, आणि आपला वाडगा पुन्हा पुढे केला.

सायंकाळी सोकजून फाटकातून आत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मास्तर टोपी हातात धरून उभे होते. मोटारीत बसताना त्यांनी विचारले, "वसंतात नक्की कधी उतरतात ते? काका डोंगरावरून यावेत आणि फाटकावर घरचं कोणी नसावं, हे बरं दिसत नाही."

"कळवीन मी," ग्येसून म्हणाली.

मोटार घाटाकडे वळल्यावर ती यंत्रापाशी बसली. पुढचा कोट ओक अशा तितक्याच विरळ आडनावाच्या मुलाचा होता. पट्टीवर टाका घालता घालता तिचा हात थांबला, आणि आपल्या साऱ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांची आडनावे ती एकेक करून आठवू लागली.