साहेबानं मिळवलेला हात
खवा भाजल्याचा वास आला की कुपवाडचा तो कारखाना आठवतो. डिप्लोमा झाल्यापासून मी मुलाखतीच देत होतो, तिथंही साहेब म्हणाले, "अनुभव नाही, कसं घेणार?" बाहेर फाटकाशी माझे फौजी वडील पदकं लावून उभे होते. जेवायला निघालेल्या त्याच साहेबांनी ती बघून त्यांच्याशी हात मिळवला. वडिलांना वाटलं, काम झालं. मी बोलायच्या आत ते समोर खवा भाजत होते त्या दुकानातून पेढे घेऊन आले. "आप्पा, न्हाई म्हनले," मी सांगितलं. "आरं, पन हात मिळवला की त्यानं!" एवढंच ते बोलले. एसटीत कराडपर्यंत पुडा त्यांच्या मांडीवर तसाच होता. घरी तो दिसताच आईनं देवापुढं दिवा लावला, आणि आम्ही दोघं दारातच उभे राहिलो. पुढं मी कुठंतरी चिकटलो. पेढे मात्र कुणी आणले नाहीत.