पाच वाजता घरी गेलेला माणूस

माझा मामा छत्र्यांच्या कारखान्यात काड्या बसवतो. तिथे संध्याकाळी पाचच्या ठोक्याला सगळे रांगेत उभे राहतात, कार्ड पंच करतात आणि मुकाट्याने परत आपापल्या टेबलावर जाऊन सात-साडेसातपर्यंत काम करतात. मालक गोड बोलतो. "आपण एकाच घरची माणसं," म्हणतो. घरच्या माणसाला जादा वेळेचा पगार कुठून आला! मामाला यात काही वावगं वाटत नसे. मला मात्र त्या मालकाचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या मंगळवारी साडेसहाला छत्र्यांच्या मुठींची खोकी मामाच्या पायावर कोसळली. हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. कामावर लागलं असेल तर तेवढी भरपगारी रजा मिळते.

तिसऱ्या दिवशी हेडक्लार्क दोन कागद घेऊन घरी आला. साक्षीदार म्हणून मामाच्या शेजारच्या टेबलावरचा कापड कापणाराही बरोबर होता.

"कार्डाप्रमाणे तुम्ही पाचला घरी गेलात," क्लार्क म्हणाला. "मग साडेसहाला कारखान्यात कसे? हा त्याचा मेमो. विनापरवाना घुसलात म्हणून नोकरीही जाऊ शकते. पण पाय घरीच मोडला, असं या दुसऱ्या कागदावर लिहून दिलंत, तर मेमो फाडून टाकू."

"आणि रजा?" मी विचारलं.

"घरी पडलेल्याला कसली रजा? साहेब म्हणालेत, बसून काम करू देऊ. माणुसकी आहे त्यांच्यात."

मामाने कापडवाल्याकडे पाहिलं. "अरे, माझ्या पायावरची खोकी तूच उचललीस ना?"

"मी पण पाचलाच घरी गेलो होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. बिचाऱ्याचे कान लाल झाले होते.

आणि आमचा भोळा सांब पेन शोधायला लागला! "जाऊ दे रे," मला म्हणाला, "उगाच वाद कशाला? चूक माझीच. घुसलो खरा." मी कपाळावर हात मारला.

मामीने तो दुसरा कागद उचलून मोठ्याने वाचला. "संध्याकाळी साडेसहा वाजता, राहत्या घरी." मग मामाकडे वळली. "अहो, लग्नाला बावीस वर्षं झाली. साडेसहाला तुम्ही या घरात कधी होतात?"

मामाने आपल्याच घराच्या भिंतींवरून नजर फिरवली. मग त्याने मेमो पुढे ओढला. 'पाचनंतर कारखान्यात काय करत होतात?' असा प्रश्न होता. मामाने खाली लिहिलं, 'छत्र्या.' आणि सही केली.

क्लार्क कागद घ्यायला वाकला, तेवढ्यात कापडवाल्याने मामाच्या हातातलं पेन घेतलं.

"थांबा," तो म्हणाला, "मीही तिथेच होतो."