गवताचं कोटेशन, मायची इर्जिक

अमरावतीच्या बाहेर नव्या लेआउटमध्ये आम्ही घर बांधलं, तेव्हा लगतचा कोपऱ्याचा प्लॉटही घेऊन टाकला. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, आमचे हे पोस्टात. दोघांच्या निवृत्तीचे पैसे त्यातच जिरले. तो कोपरा मी मायच्या नावावर केला. माझी माय दर्यापूरकडच्या खेड्यात जन्मभर लोकांच्या वावरात राबली. कापूस वेचला, निंदण केलं, पण त्या काळ्या मातीतली मूठभर माती कधी तिची झाली नाही. आता ऐंशी ओलांडल्यावर तिच्या नावाची जमीन झाली, आणि खरेदीखतावर तिने अंगठा न लावता सही केली. रजिस्ट्री ऑफिसातून निघताना माझीच मान जास्त ताठ होती.

माय कायमची आमच्याकडे राहायला आली, तेव्हा त्या प्लॉटवर बांधकामाची गिट्टी, विटांचे तुकडे आणि गाजरगवत होतं. मी म्हटलं, हिच्यासाठी चांगली बाग करायची, आणि तीही माणसं लावून, रीतसर. आमच्या ह्यांनी शहरातला एक बागवाला बोलावला. बागवाला म्हणायची सोय नव्हती, तो लँडस्केप डिझायनर होता. लॅपटॉप उघडून त्याने आमच्या प्लॉटवर कारंजं उडवून दाखवलं, पांढरे गोटे पसरले, गालिच्यासारखं गवत अंथरलं. मग कोटेशनचा कागद पुढे सरकवला. साडेचार लाख. आमचे हे चष्मा पुसून पुन्हा वाचायला लागले.

"यात एवढं आहे तरी काय?" मी विचारलं.

"मॅडम, मेन खर्च मातीचा आहे. ही काळी माती चालत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. ती सगळी काढून फेकायची आणि लाल माती आणायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या मातीवर अख्खा वऱ्हाड जगतो, ती हा पोरगा माझ्याच अंगणात उभा राहून फेकून द्यायला निघाला होता, आणि वर फेकायचे पैसेही मलाच द्यायचे होते! मी काही बोलणार, तेवढ्यात ह्यांनी त्याला चहा दिला. भांडण निघालं की आमच्या ह्यांना चहा सुचतो.

मग अकोल्याहून दुसरा बोलावला, तो स्वस्त आहे असं कोणी तरी सांगितलं म्हणून. आगीतून फुफाट्यात. त्याचा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला, कारण त्याची लाल माती अकोल्याहून येणार होती.

माय इतके दिवस पायरीवर बसून हे सगळं ऐकत होती. दुसरा गेल्यावर म्हणाली, "काहून वं, यायचं डोकं ठिकाणावर हाये ना? गवत होऊ नाई म्हणून आमी जनमभर निंदलं, अन् हे गवत लावाचे लाखानं पैसे मांगून राहिले!"

आम्ही खूप हसलो. ती मात्र हसली नाही. पदर सारखा करून म्हणाली, "मी इर्जिक घालतो."

इर्जिक म्हणजे काय, हे आता शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. गावात एखाद्याचं काम मागे पडलं की तो घरोघर जाऊन सांगायचा, उद्या माझ्याकडे इर्जिक आहे. ज्याची जोडी असेल तो बैल घेऊन यायचा, नाही तो कुदळ-फावडं घेऊन. मजुरी कोणी घ्यायची नाही. काम झालं की मालकाकडे पोटभर जेवायचं, आणि पुढे त्यांच्यापैकी कोणाचं काम अडलं की मालकाने जायचं. मात्र या देण्याघेण्यात शिरायचं तर आधी स्वतःचं वावर लागतं. आमच्या घरातल्या कोणी आजवर इर्जिक घातली नव्हती. आम्ही रोजाने जाणारी माणसं.

मी म्हटलं, "माय, हे गाव नाही. इथे सगळे पेन्शनर, कंबर धरून चालणारे. कोण येईल?"

"सांगून पाहू दे मले."

माझी भीती कमरेपुरती नव्हती. आमच्या लेआउटमध्ये सगळ्या समाजाची माणसं आहेत, बोलणंचालणं चांगलं आहे. पण बोलणं वेगळं आणि आमच्या अंगणात राबून आमच्या चुलीवरचं खाणं वेगळं. गावात मायला पाणीसुद्धा वरून ओतणारे आणि तिच्या हातचं काहीच न घेणारे लोक मी लहानपणी पाहिले होते. तिने कणकेचे गोळे भाजून रोडगे करावेत, वाट पाहावी आणि कोणी येऊ नये, हे मला सोसलं नसतं. मी तिला हे बोलले नाही. तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी ती काठी टेकत एकेका फाटकाशी जाऊन सांगून आली.

दिवाळीनंतरचा रविवार ठरला. पाऊस सरून जमिनीत बेताची ओल होती, कुदळ सहज शिरेल इतकी. सकाळी उठून पाहते तर माय पांढरंशुभ्र लुगडं नेसून तयार. हे लुगडं ती विहारात जाताना नेसते.

"माय, मातीत पांढरं?"

"आज मले मातीत हात नाई घालाचा. आज माही इर्जिक हाये."

खुर्ची टाकून ती प्लॉटच्या कडेला बसली. सांगितलेली वेळ झाली. रस्त्याने दूधवाला गेला, पेपरवाला गेला. आमचे हे उगाच फावड्याचा दांडा ठोकत होते. मी आत जाऊन कणकेची परात पाहिली आणि मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. समोरच्या घरातले निवृत्त एसटी कंडक्टर, हिवरखेडचे, शेतकऱ्याच्या घरातले, खांद्यावर कुदळ घेऊन आले होते. मागे त्यांची बायको घमेलं घेऊन. ते सरळ मायपुढे उभे राहिले.

"काकू, सांगा, कोठून धरू?"

माय त्यांच्याकडे बघतच राहिली. ऐंशी वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. कुठून धरायचं आणि कुठे सोडायचं, हे तिला नेहमी दुसऱ्याने सांगितलेलं. तिने काठी उचलली, ईशान्येचा कोपरा दाखवला आणि म्हणाली, "अथून धरा."

मग एकेक जण येत गेला. कोणी पहार आणली, कोणी नुसतेच हात. एक गुडघेदुखीवाले मास्तर खुर्ची घेऊन आले आणि दिवसभर उंटावरून शेळ्या हाकत बसले. गिट्टी वेचली, माती पालथी घातली, वाफे पाडले. संत्र्याचं कलम लागलं, सीताफळ लागलं, कढीपत्ता आणि मोगरा लागला. पाणी निघून जायला सगळ्यांनी असा उतार काढला की बाग कमी आणि वावर जास्त दिसायला लागलं. त्याला कोणाचा इलाज नव्हता. या लोकांना दुसरं येतच नव्हतं. दुपारपर्यंत माय आवाज चढवून सगळ्यांना कामाला लावत होती, आणि लोक हसत "हो काकू, हो काकू" करत होते.

गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले होते. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि वाटीभर तूप. पंगत बसली. मी वाढताना एकेकाच्या ताटाकडे बघत होते, मला लपवता येत नव्हतं. कंडक्टरांनी रोडगा तुपात चुरला, संपवला, आणखी मागितला आणि वर बायकोला म्हणाले, "घरच्यासाठी डब्यात घे थोडे." तेव्हा कुठे मी श्वास सोडला. इतका अभिमान मला नोकरी लागली त्या दिवशीही वाटला नव्हता.

पंगत चालू असतानाच त्या लॅपटॉपवाल्याचा फोन आला. आकडा थोडा खाली आणतो म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, आमच्या काळ्या मातीत आता जागा उरली नाही."

महिना गेला असेल. कंडक्टरांनी घरामागची जागा साफ करायला काढली आणि आम्हाला सांगून गेले. मी ह्यांना पाठवायचं ठरवलं होतं. सकाळी फाटकाशी माय उभी. जुनं लुगडं खोचलेलं, हातात खुरपं.

माझा पारा चढला. "माय, या वयात पुन्हा दुसऱ्याच्या जागेत निंदायला जाशील? मग मी शिकले कशाला, नोकरी केली कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी.

"मी काय रोजानं चालली काय वं? त्यायनं माही इर्जिक केली, मी त्यायची करतो. आता मलेबी वावर हाये."

मी फाटक उघडलं. ती रस्त्याच्या अगदी मधून चालली होती. मागून आलेल्या स्कूटीवाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, आणि शेवटी थांबून राहिला. माय काही बाजूला झाली नाही.