माधुरीने बदललेला शेवट

चारकोपच्या 'राजेश लेडीज टेलर'मध्ये माधुरी ओव्हाळने बावीस वर्षं ब्लाउज शिवले. पाटीवर नाव नवऱ्याचं. राजेश पुढे बसायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, तारखा द्यायचा. त्या तारखा पाळायची माधुरी, पडद्यामागच्या मशीनवर. यात काही चुकतंय असं तिला वाटलं नव्हतं. संसार दोघांचा, मग पाटी कुणाची का असेना.

गेल्या वर्षी एका सिनेमाचे कपडे दुकानात शिवायला आले. हलकाफुलका, प्रेमाचा सिनेमा. नायिका ठरलेलं लग्न मोडते, मुंबईत येते, शिवणकाम करून स्वतःच्या पायावर उभी राहते. पण नायिकेचं काम करणाऱ्या मुलीला सुईत दोरा ओवता येईना. शेवटी दिग्दर्शिका जान्हवी स्वतः दुकानात आली. जेमतेम तिशीची पोरगी.

"ताई, बारा दिवस अंधेरीला याल? तिला मशीन शिकवायचंय."

"लग्नसराई आहे, नाही जमायचं," राजेश म्हणाला.

"येते मी," पडद्याआडून माधुरी म्हणाली. आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

स्टुडिओत तिने त्या मुलीला बॉबिन भरण्यापासून शिकवलं. दहाव्या दिवशी शेवटच्या प्रसंगाची तालीम होती. नायक नायिकेचे डोळे बांधून तिला एका नव्याकोऱ्या दुकानात आणतो, हातात चावी ठेवतो, ती रडते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माधुरीला मात्र हसू फुटलं.

"काय झालं ताई?" जान्हवीने विचारलं.

"डोळे बांधून कुणी दुकान घेतं का गं? खिडकी कुठे, उजेड कुठून येतो, बघायला नको? दोन वर्षं राबलीय बाई. जागा तिची तिला बघू दे की."

"आणि तो? त्याचं प्रेम आहे ना तिच्यावर."

"असू दे ना. तिने जागा घेतली की येईल बघायला."

जान्हवी विचारात पडली. मग सहज म्हणाली, "तुम्ही तुमची जागा घेताना काय काय बघितलंत?"

माधुरीने काहीच बघितलं नव्हतं. दुकान राजेशने बघितलं होतं. मशीनही त्यानेच कोपऱ्यात लावलं होतं. ट्यूबलाइटखाली बावीस वर्षं गेली आणि तिला कुणी विचारलं नाही. खरं म्हणजे तिनेही विचारलं नव्हतं. मेट्रोने घरी येताना तिला याचंच जास्त लागलं.

सिनेमाचा शेवट बदलला. आता नायिका एकटीच रिकाम्या गाळ्यात जाते, खिडकी उघडते आणि मग नायकाला फोन करते, "ये, जागा दाखवते."

शूटिंग संपल्यावर माधुरीने इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीन गाळे पाहिले. एक पसंत पडला. जेवताना राजेशला म्हणाली, "मी कटिंगचा क्लास काढतेय. माझ्या नावाने."

"माझ्याकडे काय कमी पडलं तुला?"

"काही नाही."

"मग? भांडून गेली म्हणतील लोक."

"अहो, संध्याकाळी घरीच येणार ना मी!"

चार दिवस तो जेवायला दुकानातच थांबला. माधुरीचा पाय अडखळला. राजेशने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, दारूला शिवला नव्हता. वाईट नवऱ्याला सोडणाऱ्या बाईची लोक बाजू तरी घेतात. चांगल्या माणसाला दुखवून आपलं काही करायचं, ते कसं करतात हे सांगायला कुणी नव्हतं. पाचव्या दिवशी तिने गाळ्याची पाटी रंगवायला दिली.

पहिल्या महिन्यात दोघीच आल्या: साठीच्या सोनूबाई आणि त्यांची सून. हळूहळू अकरा झाल्या. सिनेमा लागला तेव्हा ती राजेशबरोबर गेली. शेवटचा प्रसंग आला तसा तो कुजबुजला, "हे तू सांगितलंस?"

"हो."

सिनेमा आठवडाभरात उतरला.

दुकानात राजेशने कारागीर ठेवला, पण ब्लाउज परत येऊ लागले. एका सोमवारी दुकान बंद ठेवून तो पिशवी घेऊन गाळ्यावर आला. "ही बाही बसत नाही गं. शिकव ना."

"बसा मागे. आधी यांचं होऊ दे."

तो मागच्या बाकावर बसला. आता दर सोमवारी येतो. त्याची कात्री अजून तिरकी चालते. सोनूबाई त्याला चारचौघींत रागावतात, आणि तो कापड उलटं करून पुन्हा खडू हातात घेतो.