अठरा जणांची प्रार्थना

पोस्टमास्तर निवृत्त झाले आणि मिशनतर्फे वर्षभरासाठी परदेशी गेले, फुकट इंग्रजी शिकवायला. अगदीच फुकट नव्हे म्हणा. तासाच्या शेवटी दहा मिनिटं प्रार्थना. निघताना बायको म्हणाली होती, "नातवाचा अभ्यास घ्यायला कधी सवड झाली नाही, आणि निघाले जगाला शिकवायला!" मास्तरांनी तिला तिथल्या तिथे मनातल्या मनात क्षमा करून टाकली.

वर्गात शिंपी, ड्रायव्हर, नर्सबाई धरून अठरा जण. प्रार्थनेला डोळे घट्ट मिटायचे, हा मास्तरांचा कडक नियम, आणि तो सगळ्यांत काटेकोरपणे तेच पाळत. प्रार्थना म्हणणारा त्यांचा आवाज सोडला तर खोलीत काय शांतता! दर आठवड्याला मिशनला अहवाल जाई, "वर्ग तल्लीन होतो."

चौथ्या महिन्यात भर प्रार्थनेत त्यांना शिंक आली आणि डोळे उघडले. बाकं रिकामी! फक्त झाडूवाली बाई आवाज न करता केर काढत होती.

"सगळे गेले कुठे?"

"चहाला. रोजच जातात," ती म्हणाली. "काळजी करू नका. शेवटी तुमचा आवाज चढतो ना, तो ऐकून येतात परत."

मास्तरांचा चेहरा पडला. पण वर्ष अजून अर्धंही सरलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने डोळे अर्धवट मिटले, आवाज चढवला, आणि शेवटचा माणूस चपला हातात घेऊन आत येईपर्यंत चढवतच ठेवला.

"आमेन!" अठरा जण एका सुरात म्हणाले.

त्या आठवड्याच्या अहवालात मास्तरांनी पहिल्यांदाच खरं लिहिलं, "माझ्या हाकेला सगळे परत येतात."